जुन्या घराची बखर

आपल्या देवळाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणांकासाठीं मींही चार शब्द लिहावेत, अशी संपादकांची आज्ञा झाली, तेव्हां कोणता विषय घ्यावा ह्याचा मला बराच विचार पडला. देवळाचा इतिहास लिहिणारे जाणते लोक ह्याच अंकांत आहेत. धर्मगुरूंच्या, शाळेच्या व मंडळांच्या कार्याची नोंदही योग्य हातांनीं झालेली वाचकांस आढळेल. परंतु देवळाच्या घंटेचा नाद ज्या छपरांवरून पिढ्यान् पिढ्या वाहत आला, त्या छपरांचा इतिहास मात्र कोणी लिहीत नाहीं. देवळाच्या डागडुजीचा हिशेब चोपडींत राहतो. घराच्या डागडुजीचा हिशेब घरधन्याबरोबर मातीआड होतो. म्हणून वसईच्या मुलुखांतील एक साधें घर दीड-दोनशें वर्षांत कसकसें बदलत गेलें, तें सांगण्याचें मीं योजिलें आहे. घर आमचें आहे. तरी वाचकहो, थोड्याफार फरकानें ही हकीकत तुमच्याही घराची आहे, असा माझा समज आहे.

घर एकदां बांधलें म्हणजे संपलें, असें आज पुष्कळांस वाटतें. जुन्या काळीं तसें नव्हतें. एका पिढीनें चौथरा घालावा, दुसरीनें छप्पर बदलावें, तिसरीनें खिडक्या पाडाव्यात, चौथीनें जमीन करावी, असा क्रम असे. हातीं पैसा येई तो वाडीच्या उत्पन्नाचा, म्हणजे थोडा थोडा व हंगामानुसार. म्हणून घरही थोडें थोडें व हंगामानुसारच वाढे. अशा घराची पाहणी करूं लागलें म्हणजे पायापासून आढ्यापर्यंत त्यांत काळाचे थर सांपडतात. विहीर खणतांना मातीचे थर लागावेत, तसेंच हें आहे.

प्रथम आपल्या प्रांताची पार्श्वभूमी थोडक्यांत सांगितली पाहिजे. इ. स. १५३४ च्या डिसेंबरांत गुजरातच्या सुलतान बहादुरशहानें तह करून वसई पोर्तुगिजांस दिली व १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांच्या फौजेनें वसईचा कोट जिंकून घेतला. मधल्या दोनशें वर्षांत कोटाच्या आंत जें शहर वसलें होतें, तें १६७५ सालीं जॉन फ्रायर नांवाच्या इंग्रज वैद्यानें पाहिलें. दुमजली वाडे, आच्छादित सज्जे आणि मोठाल्या खिडक्या त्यानें वर्णिल्या आहेत. व त्या खिडक्यांना कांचेऐवजीं शिंपल्यांचीं तावदानें असत, हेंही त्यानें आवर्जून नमूद केलें आहे. कोट पडल्यावर तें वैभव ओसरलें, लोक निघून गेले, व पुढें त्या वाड्यांचे भग्नावशेष तेवढे राहिले.

परंतु कोट म्हणजे वसई नव्हे. कोटाबाहेरच्या वाड्यांतून केळीच्या व पानवेलीच्या बागा करणारे, शेती करणारे व मासेमारी करणारे आपले पूर्वज राहत होते, त्यांचीं घरें अगदींच वेगळीं होतीं. डोंगरांतून आणलेल्या कारवीच्या काठ्या उभ्या करून, त्यांवर शेण-मातीचा लेप देऊन कुडाच्या भिंती करीत. वर भाताचा पेंढा किंवा झावळ्या. पुढें ओटी, मध्यें माजघर, मागें पडवी व चूल. अशा घराचें आयुष्य तें किती? आग, वाळवी आणि पाऊस हे त्याचे तीन वैरी. आपल्या पट्ट्यांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांच्या घरांत पाऊस कोसळतो. तेव्हां दर दोन-तीन वर्षांनीं कूड नवा करावा लागे. त्या काळच्या आमच्या घराचें आज कांहींही शिल्लक नाहीं. शिल्लक आहे तो फक्त चौथरा. वाडींत बावखल खणलें, तेव्हां निघालेली माती वाया न घालवितां ती चोपून उंचवटा केला व त्यावर घर उभें राहिलें, असें माझे आजोबा सांगत. आमच्याकडील ज्या वाचकांस बावखल ठाऊक नसेल, त्यांच्यासाठीं सांगतों, कीं बावखल म्हणजे वाडीच्या शिंपणासाठीं खणलेलें गोड्या पाण्याचें तळें. पावसाचें पाणी त्यांत सांठे, जमिनींत मुरे, व आसपासच्या विहिरी उन्हाळ्यांतही गोड राहत. त्या काळचे लोक एका कुदळीनें दोन कामें करीत, हें ह्यावरून दिसून येईल.

कुडाचें घर जाऊन पक्कें घर केव्हां आलें, ह्याचें उत्तर रेल्वेच्या इतिहासांत आहे. १८६४ सालीं मुंबईपर्यंत बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचा मार्ग पुरा झाला, आणि १२ एप्रिल १८६७ रोजीं विरारहून मुंबईस रोज जाणारी गाडी सुरू झाली. तत्पूर्वीं आपला माल होडींतून भरती-ओहोटी पाहून जाई. आतां पहांटे तोडलेली पानें, फुलें व भाजी सकाळीं मुंबईच्या बाजारांत पोंचूं लागली. पैसा रोकड मिळूं लागला, आणि रोकड पैसा हातीं आला म्हणजे कोंकणांतील माणूस प्रथम छपराकडे पाहतो. आमच्या खापरपणजोबांनीं पेंढा काढून कुंभाराकडील नळीचीं कौलें घातलीं. हीं कौलें चाकावर नळकांड्यासारखीं घडवून, ओलीं असतांनाच उभीं चिरून दोन करीत. एक पालथें, एक उताणें, अशीं तीं एकमेकांवर नुसतीं ठेवलेलीं असत. त्यांस ना खांच, ना खिळा. म्हणून मांजराच्या पावलानें वा कावळ्याच्या चोंचीनेंही तीं सरकत, व दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं सगळें छप्पर उतरून पुन्हां रचावें लागे. ह्या कामास शाकारणी म्हणत. शाकारणीच्या दिवशीं शेजारचे चार-पांच पुरुष मदतीस येत व घरांतील बायका त्यांच्या जेवणाची तयारी करीत. उद्यां त्यांच्या घरीं शाकारणी असली म्हणजे आपण जावयाचें, हा अलिखित करार असे.

पुढचा फरक मंगळुराहून आला. बासल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट नांवाच्या जर्मन मिशनऱ्यानें १८६५ च्या सुमारास मंगळुराजवळ जेप्पू येथें यंत्रावर दाबलेलीं चपटीं कौलें करण्याचा कारखाना चालविला. नेत्रावती नदीकांठची चिकण माती त्यास उत्तम लाभली. ह्या कौलास वरून व बाजूस खांच असते, त्यामुळें एक कौल दुसऱ्यांत अडकून बसतें. तें सहज सरकत नाहीं, आणि शंभर चौरस फुटांस सुमारें दीडशें कौलें पुरतात. पत्तेमाऱ्यांतून हीं कौलें मुंबईस व कोंकणच्या बंदरांस येऊं लागलीं. बासल मिशन हें प्रोटेस्टंटांचें. पण पाऊस पंथ पाहत नसल्यामुळें आपल्या लोकांनीं तीं कौलें निःशंकपणें आपल्या डोक्यावर घेतलीं, असें माझे आजोबा विनोदानें म्हणत.

ह्या एका कौलानें घराचा सारा आकार पालटला. नळीच्या कौलांखालीं वेडेवांकडे वासे व बांबू चालत. चपट्या कौलांस सरळ व समान अंतराच्या पट्ट्या लागतात, म्हणजे करवतकाम केलेलें लांकूड व कसबी सुतार लागतो. सुतार आला म्हणजे सागाचे खांब आले, खांबांवर तुळया आल्या, तुळयांवर माळा आला. माळ्यावर भाताचीं कणगीं व लग्नाचीं मोठीं भांडीं राहूं लागलीं. कुडाच्या भिंतींस हें ओझें पेलणारें नव्हतें. म्हणून दगड-विटांच्या भिंती चुन्यांत उभ्या राहिल्या. हें सर्व एका वर्षांत झालें नाहीं. आमच्या पणजोबांनीं पुढची बाजू आधीं केली व मागची बाजू त्यांच्या मुलानें. आजही पुढच्या तुळया तासलेल्या व मागच्या रंधलेल्या आहेत. हात फिरवून पाहिलें तर बाप कोठें थांबला व लेक कोठें लागला, तें कळतें.

चुन्याविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण पुढें ह्याच चुन्यापायीं आमच्याकडून मोठी चूक घडली. समुद्रावरचे शिंपले व चुनखडी भाजून चुना करीत. तो भिजवून, मुरवून, वाळूबरोबर बैलाच्या घाणींत मळीत. घाणीचें दगडी चाक दिवसेंदिवस गरगरत असे. चुना हवेंतील वायु शोषून सावकाश, वर्षानुवर्षें घट्ट होतो. तो कठीण होतो, पण कोंडत नाहीं. जमिनींतून भिंतींत चढलेली ओल चुन्याच्या गिलाव्यांतून बाहेर पडते व वाऱ्यानें सुकते. जुनीं माणसें म्हणत, कीं चुन्याची भिंत श्वास घेते. आम्हीं तो बोलण्याचा प्रकार समजत होतों.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईंत प्लेग प्रगट झाला. सरकारी पथकें घराघरांत शिरून भिंतींस चुना लावीत, कोंदट खोल्यांचीं कौलें काढून आंत ऊन सोडीत. त्या जुलुमाच्या आठवणी कडू आहेत; परंतु घरांत उजेड व वारा पाहिजे, ही गोष्ट त्या भयानक वर्षांनीं लोकांच्या मनावर बिंबविली, हेंही खरें. आमच्या माजघरास तोंवर खिडकी नव्हती. चोराची भीति, थंडीची भीति आणि दृष्टीची भीति. पणजोबांचा एक भाऊ त्या सांथींत मुंबईस दगावला, आणि त्यानंतर पणजोबांनीं माजघराची भिंत फोडून दोन खिडक्या बसविल्या. त्यांतील एकीस शिंपल्यांचीं तावदानें होतीं. हे शिंपले सपाट व अर्धपारदर्शक असतात. ते चौकोनी कापून लांकडी पट्ट्यांच्या खांचींत सरकवितात. त्यांतून येणारा उजेड दुधासारखा मऊ असतो; ऊन आंत येतें, पण टोंचत नाहीं. फ्रायरनें कोटांतील वाड्यांत जें पाहिलें, तें दोनशें वर्षांनंतर एका बागायतदाराच्या माजघरांत आलें. दुसऱ्या खिडकीस मात्र कांच होती; कारण तोंवर कांच स्वस्त झाली होती व शिंपला कापणारा कारागीर दुर्मिळ.

घराची रचना पुरुषांनीं केली असेल, पण त्याची शोभा बायकांनीं राखिली, हें मीं कृतज्ञतेनें लिहितों. दर शनिवारीं माजघर व ओटी शेणानें सारवावयाची, पावसाळा सरला म्हणजे भिंतींस चुन्याची सफेती द्यावयाची, त्यांत चिमूटभर नीळ घालावयाची म्हणजे पांढरेपणा खुलतो, खालीं वीतभर काव लावावयाची म्हणजे चिखलाचे शिंतोडे दिसत नाहींत. हें सर्व शास्त्र आजीच्या हातांत होतें. नाताळापूर्वीं हें काम पुरें झालेंच पाहिजे, असा तिचा दंडक असे. पूर्वेच्या भिंतीवरील कोनाड्यांत क्रूस व त्याच्या बाजूस येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर. संध्याकाळची जपमाळ तेथें होई. घरांत कितीही फेरफार झाले तरी त्या कोनाड्याची जागा कोणीही हलविली नाहीं.

आजोबांच्या काळीं जमीन पालटली. प्रथम ओटीवर शहाबादी फरशी आली. नंतर आत्याच्या लग्नाच्या आदल्या वर्षीं दिवाणखान्यांत रंगीत सिमेंटच्या लाद्या बसल्या. परदेशांतून येणाऱ्या लाद्या सामान्य माणसाच्या आवांक्याबाहेर होत्या. १९२२ सालीं मुंबईंत भारत टाइल्स ही कंपनी निघाली व स्वदेशी लादी मिळूं लागली. ही लादी भट्टींत भाजीत नाहींत. धातूच्या सांच्यांत नक्षीचे कप्पे असतात, प्रत्येक कप्प्यांत वेगळ्या रंगाचें पातळ सिमेंट ओततात, वर कोरडें सिमेंट-वाळू घालून यंत्रानें दाबतात, व मग पाण्यांत मुरवितात. त्यामुळें रंग वरवरचा नसतो. झिजली तरी नक्षी पुसत नाहीं. आत्याच्या लग्नाचा मांडव ज्या अंगणांत पडला, त्या अंगणांतून पाहुणे दिवाणखान्यांत येत, तेव्हां चपला काढाव्यात कीं नाहीं अशा संभ्रमांत दाराशींच थबकत, असें आजी सांगे. शेणाच्या जमिनीवर अनवाणी चालणाऱ्या माणसांस ती लाद्यांची नक्षी गालिचाच वाटली असावी.

१९३६ सालीं विरारपर्यंत विजेच्या गाड्या आल्या, व पुढें कांहीं वर्षांनीं घरांत दिवाही आला. दुसऱ्या महायुद्धांत १९४२ सालीं ब्रह्मदेश जपानच्या हातीं गेला, तेव्हां तिकडचा साग बंद झाला. आमच्या मागील पडवीचें काम त्यामुळें कित्येक वर्षें अर्धवट राहिलें. सिमेंटचें युग मात्र त्यानंतर खरें सुरू झालें. हिंदुस्थानांत पोरबंदर येथें १९१४ सालीं सिमेंटचें यशस्वी उत्पादन होऊं लागलें होतें; तरी खेडोपाडीं तें पसरलें स्वातंत्र्यानंतर. तेव्हां सिमेंटवर सरकारचें नियंत्रण होतें, १९८२ पर्यंत परमिटाशिवाय गोणी मिळणें कठीण. माझ्या वडिलांनीं खेपा घालून परमिट मिळविलें, त्याचा त्यांस केवढा अभिमान! चुना म्हणजे गरिबी व सिमेंट म्हणजे प्रगति, अशी त्या पिढीची श्रद्धा होती. त्यांनीं घराच्या सर्व भिंतींवरील जुना चुना खरवडून काढला व आंत-बाहेर सिमेंटचा गिलावा चढविला. घर तुळतुळीत दिसूं लागलें. शेजारी पाहून गेले. त्या वर्षीं आजीनें सफेती केली नाहीं, कारण करावयाचें कांहीं उरलेंच नव्हतें. ती नुसती भिंतीवर हात ठेवून म्हणाली, "थंड लागते रे."

तिचें म्हणणें आम्हांस पांच-सहा पावसाळ्यांनंतर कळलें. जमिनींतील ओल पूर्वीसारखीच भिंतींत चढत होती. पण आतां तिला बाहेर पडण्यास वाट नव्हती. कोंडलेलें पाणी वर वर चढत गेलें, क्षार भिंतींतच फुटूं लागले, गिलावा फुगला, पोपडे सुटले. सर्वांत वाईट म्हणजे भिंतींत रोंवलेल्या तुळयांचीं टोंकें ओलीनें कुजलीं व त्यांत वाळवी शिरली. शंभर वर्षें टिकलेला साग पंचवीस वर्षांत खांद्याशीं पोखरला गेला. वडिलांनीं पोपड्यांवर पुन्हां सिमेंट लावलें, तें पुन्हां फुगलें. मुळांत दोष कोठें आहे हें त्यांस कोणी सांगितलें नाहीं, व आम्हांसही ठाऊक नव्हतें. त्यांनीं घरावर प्रेम केलें नाहीं असें नव्हे. प्रेमापोटींच त्यांनीं त्याचा श्वास कोंडला.

वडील वारले, त्यापूर्वीं आई गेली होती. आणि घराचा खरा प्रश्न तेव्हां उभा राहिला. १९८० नंतर आपल्या तालुक्यांत इमारतींची लाट आली. हरित वसईसाठीं फादर फ्रान्सिस दिब्रिटो व त्यांचे सहकारी झगडले, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. तरीही वाड्यांच्या जागीं मजले चढत गेले, आणि २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिकाही स्थापन झाली. आम्हीं चार भावंडें, दोन भाऊ व दोन बहिणी. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानें आपल्यांत मुलगा व मुलगी ह्यांचा वांटा सारखाच आहे. एका बांधकाम करणाऱ्या गृहस्थानें घर व वाडी मिळून मागणी घातली. प्रत्येकास एक सदनिका व वर रोख रक्कम. धाकटा भाऊ मुंबईंत दोन खोल्यांत मुलांबाळांसह राहत होता. थोरली बहीण विधवा होती. त्या दोघांनीं विकावें म्हटलें, तें लोभानें नव्हे, गरजेनें, हें मला येथें स्पष्ट लिहिलें पाहिजे. मीं मात्र हटून बसलों. घरांत राहणारा मीच होतों. तेव्हां पूर्वजांचें नांव घेऊन मीं आपलीच सोय पाहतों, असें भावानें बोलून दाखविलें, आणि त्यांत मुळींच तथ्य नव्हतें असें मला आज म्हणवत नाहीं. दोन नाताळ आम्हीं एका पंगतीस बसलों नाहीं.

त्या सुमारास कामानिमित्त मीं गोव्यास गेलों असतां चांदर येथील ब्रागांझा कुटुंबाचें प्रसिद्ध घर पाहिलें. सतराव्या शतकापासून तें वाढत व सजत आलें आहे. झुंबरें, चिनी मातीचीं भांडीं, संगमरवर, हें एका पिढीचें नव्हे, अनेक पिढ्यांचें संचित होय. विख्यात पत्रकार लुईस दे मिनेझिस ब्रागांझा (१८७८-१९३८) ह्यांचा मोठा ग्रंथसंग्रह त्याच्या एका भागांत आहे. परंतु माझें लक्ष वेधलें तें दुसऱ्याच गोष्टीनें. हें घर एकाच दर्शनी भिंतीमागें दोन शाखांत वांटलेलें आहे. एका बाजूस एक कुटुंब, दुसऱ्या बाजूस दुसरें. वांटणी झाली, पण छप्पर तुटलें नाहीं. उलट त्याच गोव्यांत, जेथें कायद्यानें सर्व मुलांस वारसाहक्क आहे, तेथें वारस देशोदेशीं विखुरल्यामुळें कुलपें लागलेलीं, छपरें खचलेलीं कित्येक घरेंही मीं पाहिलीं. तेव्हां माझ्या ध्यानांत आलें, कीं घर वांटणीनें पडत नाहीं, अबोल्यानें पडतें.

परत येऊन मीं भावाकडे गेलों. बहिणींस बोलाविलें. ज्याची गरज जितकी खरी, तितकें त्याचें आधीं ऐकावयाचें, असें ठरविलें. अखेर असें निघालें, कीं वाडीचा पूर्वेकडील अर्धा भाग विकावा, त्यांतून भावाचा व दोघी बहिणींचा वांटा द्यावा, आणि घर मजकडे राहावें. मात्र नाताळास व सणास चारही कुटुंबांचा त्यावर हक्क असावा. धाकट्या बहिणीनें आपल्या वांट्यांतून शिंपल्यांची खिडकी तेवढी मागून घेतली, म्हणजे ती काढून न्यावी म्हणून नव्हे, तर ती कधींही काढूं नये म्हणून.

त्यानंतर बारा-तेरा वर्षें मीं घराचें काम केलें, पूर्वजांप्रमाणेंच थोडें थोडें. सिमेंटचा गिलावा एकेका भिंतीवरून उतरविला. भिंती दोन उन्हाळे उघड्या ठेवून सुकविल्या. चुना मुरविणारा म्हातारा गवंडी मोठ्या शोधानें मिळाला. त्याच्या हाताखालीं दोन तरुण पोरें ठेवलीं, म्हणजे विद्या त्याच्याबरोबर जाऊं नये. कुजलेल्या तुळयांचीं टोंकें कापून नवा साग सांध्यानें जोडला. कौलांपैकीं जीं वाजवितांना खणखणीत वाजलीं तीं ठेवलीं, जीं बद्द वाजलीं तीं बदललीं. आत्याच्या लग्नाच्या लाद्या घासल्यावर पुन्हां झळकल्या. आतां पावसाळ्यांत भिंतीवर हात ठेवला तर ती कोरडी लागते. आजी असती तर बरें झालें असतें.

परंतु ही हकीकत येथेंच संपविली तर ती खोटी होईल. वाडीच्या विकलेल्या भागांत तें जुनें बावखल होतें. कांहीं वर्षांनीं तें बुजविलें गेलें व त्यावर इमारत उभी राहिली. त्यानंतर दोन-तीन उन्हाळ्यांतच आमच्या विहिरीचें पाणी मचूळ झालें. गोडें पाणी जमिनींत मुरेनासें झालें म्हणजे खाडीचें खारें पाणी आंत सरकतें, हें आज तालुक्यांतील पुष्कळांच्या अनुभवाचें आहे. ज्या बावखलाच्या मातीवर आमचा चौथरा उभा आहे, तें बावखल देऊन मीं घर राखिलें. भावंडांचे वांटे देण्यास दुसरा मार्ग मला दिसला नाहीं; तो शोधण्याइतका धीर मीं धरला नाहीं, असेंही असेल. तरी विक्रीच्या कागदांत बावखल राखण्याची अट घालण्याचें मला सुचलें नाहीं, ही माझी चूक. वडिलांनीं भिंतीचा श्वास कोंडला, मीं जमिनीचा. त्यांची चूक मला सुधारतां आली. माझी चूक कोण सुधारील तें मला ठाऊक नाहीं.

म्हणून शेवटीं दोन-चार गोष्टी अनुभवाच्या सांगून लेखणी ठेवितों. ज्यांनीं जुनें घर मोडून नवें बांधलें त्यांस दोष देऊं नये; त्यांच्या अडचणी भिंतीबाहेरून दिसत नाहींत. ज्यांचें जुनें घर अजून उभें आहे, त्यांनीं मे महिन्यांत एकदां स्वतः माळ्यावर चढून वासे व कौलें पाहावींत. पाण्याची एक गळती वेळींच थांबविली तर एक तुळई वांचते. चुन्याच्या भिंतीस चुनाच लावावा. घरासंबंधीं बोलणें वडील माणसें हयात असतांनाच, सर्व भावंडांस, बहिणींसहित, एकत्र बसवून करावें. आणि घराबरोबर विहीर, बावखल व झाडें ह्यांचाही विचार करावा. कारण घर म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत.

आणखी एक विनंती. ज्युबिलीच्या ह्या वर्षीं प्रत्येक कुटुंबानें एक वही घ्यावी. चौथरा कोणी घातला, कौलें केव्हां आलीं, खिडकी कोणाच्या आठवणीनें पडली, लाद्या कोणाच्या लग्नास बसल्या, कोठें चुकलें व कोणी निस्तरलें, तें घरांतील वडील माणसांस विचारून लिहून ठेवावें. आमच्या वहींत शेवटची नोंद गेल्या उन्हाळ्याची आहे. माझा मुलगा व भावाचा मुलगा असे दोघे मिळून अंगणाच्या कोपऱ्यांत पावसाचें पाणी मुरविण्यासाठीं एक खड्डा खणीत होते. बावखल तें नव्हे. दहा फुटांचा खड्डा तो. पण त्यांतून निघालेली माती त्यांनीं फेंकली नाहीं. मागच्या पडवीची जमीन खचली होती, तिच्याखालीं ती चोपून घातली.